शेजारनोंद

सरकारी रोगनकाशावर केतुर्डे गाव लाल झालं तेव्हा हेमलता चौगुले चहा गाळत होत्या. ओट्यावर टेकवलेल्या फोनवर ती खूण दिसली आणि चहा कपाऐवजी फरशीवर सांडला. केतुर्ड्यात एकही वटवाघूळ नाही, हे गावाबाहेर फक्त दोघांना ठाऊक होतं. एक त्या स्वतः, दुसरा त्यांचा जुना विद्यार्थी अस्लम मुजावर.

अस्लमचा फोन लगेचच आला. तो आता पुण्यात, राज्याच्या रोग-पूर्वसूचना कक्षात होता.

"मॅडम, बघितलंत?"

"बघितलं."

"आधार माझ्याच लेखाचा आहे. 'जीवनोंद', आठ वर्षांपूर्वीचा पावसाळी अंक. पण गुहा आंबेखोलची आहे, मॅडम."

"माहीत आहे मला. नाव मीच बदललं होतं."

'जीवनोंद' हे सह्याद्रीतल्या जीवसृष्टीचं मराठी त्रैमासिक. हेमलताबाई कोल्हापूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत आणि उरलेल्या वेळात ते चालवत. वर्गणीदार जेमतेम तीनशे. त्यांत वनरक्षक, शाळामास्तर, दोन-चार डॉक्टर आणि फुलांच्या मागे डोंगर पालथे घालणारी काही वेडी मंडळी. जगातल्या कुठल्याही सूचीत 'जीवनोंद'चं नाव नव्हतं. त्याची खंत होती, आणि त्या अंधाराची सवयही झाली होती.

त्या अंधारातच एक रीत रुजली होती. संस्थापक नेर्लेकर सरांनी एका दुर्मीळ कंदीलपुष्पाची टेकडी अंकात नावासह छापली, आणि पुढच्या हंगामात तिथं फक्त खड्डे उरले. कंद उकरून कुणीतरी विकले होते. तेव्हापासून सरांनी ठरवलं, की दुर्मीळ जिवाचा ठिकाणा छापताना पूर्वेकडच्या शेजारगावाचं नाव द्यायचं. कुणाला शंका येऊ नये म्हणून खऱ्या गावापुढे लिहायचं, 'पाहिले, काही आढळले नाही.' याला ते शेजारनोंद म्हणत. ज्याला खरा ठिकाणा हवा असेल तो संपादकांना फोन करी. संपादक त्याला चार प्रश्न विचारत, माणूस बरा वाटला तर तोंडी सांगत. अर्धं ज्ञान कागदावर, अर्धं जिभेवर. तीनशे माणसांत हे निर्धोक चाललं. सर गेल्यावर हेमलताबाईंनीही ते तसंच चालू ठेवलं.

मग खुल्या ज्ञानाचा कायदा आला. सरकारी पैशाचा एक रुपयाही लागलेलं संशोधन सगळ्यांना फुकट आणि पूर्ण खुलं करायचं. 'जीवनोंद'चे सगळे जुने अंक स्कॅन होऊन गेले. आणि त्याच वर्षी 'अन्वय' हे यंत्र सुरू झालं.

अन्वय हा वाचक होता. जगातलं प्रत्येक खुलं संशोधन, कुठल्याही भाषेतलं, तो वाचायचा. प्रत्येक लेखातून एकेक विधान सुटं काढायचा आणि त्याला वजन द्यायचा. एखाद्या विधानावर इतर किती संशोधनं उभी आहेत, ते छापणाऱ्या नियतकालिकावर किती भरवसा ठेवता येतो, यावरून ते वजन ठरे. डॉक्टरनं रुग्णाची लक्षणं आणि गाव सांगितलं की सगळी वजनं जोखून अन्वय उपचार सांगे. तो पाळला तर डॉक्टर कायद्यानं सुरक्षित. मोडला तर जबाबदारी त्याची एकट्याची. त्यामुळे मोडण्याच्या भानगडीत फारसं कुणी पडत नसे.

तीनशे वाचकांचं 'जीवनोंद' वर्षभरात लाखो वेळा वाचलं गेलं. ब्राझीलमधल्या कुणीतरी त्यातल्या बेडकांवर प्रबंध लिहिला. कॉलेजनं हेमलताबाईंना शाल-श्रीफळ दिलं. शेजारनोंदीची आठवण त्यांना त्या दिवशीही झाली होती. पण एखाद्या ऑर्किडचं गाव चुकलं म्हणून कुणाचं काय बिघडणार होतं?

अस्लमचा लेख मात्र ऑर्किडवर नव्हता. आंबेखोलच्या गुहेतल्या वटवाघळांत त्याला एक विषाणू सापडला होता. गुहेतली लेंडी खतासाठी खणताना धूळ उडते, ती श्वासातून आत गेली की ताप येतो. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, सहाव्या दिवशी ताप उतरतो, माणूस उठून बसतो, भूक लागली म्हणतो, आणि नेमक्या त्याच वेळी रक्तवाहिन्या पाझरून फुप्फुसांत पाणी भरू लागतं. रक्तदाब पडलेला दिसतो म्हणून डॉक्टर सलाईन जोरात सोडतात, आणि माणूस बिछान्यातच बुडतो. सलाईन रोखायचं, प्राणवायू द्यायचा, वाट पाहायची. एवढाच उपाय, आणि तो जगात फक्त त्या एका लेखात होता.

यंदा खताच्या पोत्यांबरोबर तो ताप चार जिल्ह्यांत गेला होता. अन्वयनं लेख शोधून काढला आणि ताप आलेल्या गावांत सलाईन थांबलं. माणसं वाचत होती. आज त्यानं लेखात तापाचं मूळ म्हणून छापलेलं गावही नकाशावर लाल करून बंद केलं.

"आंबेखोलात काय आहे?" हेमलताबाईंनी विचारलं.

"ताप आहे. अकरा जण. पण अन्वयच्या लेखी तिथं हा ताप असूच शकत नाही. आपणच लिहिलंय ना, गुहा पाहिली, रिकामी. त्यामुळे तिथं डेंगीचा उपचार दाखवतोय."

"म्हणजे सलाईन."

"हो. पहिला पेशंट आजच सहाव्या दिवसात जातोय."

त्यांनी लॅपटॉप उघडला. साधा मार्ग होता, नवी नोंद द्यायची. 'आंबेखोल येथील गुहेत वटवाघळांची वसाहत आहे.' त्यांनी ती लिहून संपादकांच्या खात्यातून पाठवली. उत्तर लगेच आलं, शुद्ध, नम्र मराठीत.

'आभारी आहे. ही नोंद आपल्याच नियतकालिकातील पूर्वीच्या नोंदीशी विसंगत आहे. पूर्वीच्या नोंदीवर इतर चाळीस संशोधने आधारलेली आहेत. ती मागे घ्यायची असल्यास कारण कळवावे.'

त्या कारण लिहिणार एवढ्यात खाली आणखी ओळी उमटल्या.

'तपासणी करताना असे दिसले की आपल्या संग्रहातील दोनशेहून अधिक नोंदींत छायाचित्रांमधील खडक आणि सावल्या नमूद केलेल्या गावाशी जुळत नाहीत. प्रत्येक वेळी जुळणारी जागा पश्चिमेच्या शेजारगावात सापडते. ठिकाणे हेतुपुरस्सर बदलली आहेत का? कृपया होय किंवा नाही असे उत्तर द्यावे. सूर्यास्तापर्यंत उत्तर न आल्यास होय असे मानले जाईल.'

इतक्या वर्षांत ही गोष्ट कुणी कुणाला लिहून कळवली नव्हती. यंत्रानं ती सावल्यांवरून वाचली होती.

"अस्लम, होय म्हटलं तर काय होईल?"

अस्लमनं कक्षाचा नियम सांगितला.

"हेतुपुरस्सर खोटी माहिती म्हणजे विश्वासांक शून्य. एका लेखाचा नाही, सगळ्या 'जीवनोंद'चा. त्यातलं प्रत्येक विधान बाद. सलाईन थांबवा, हेसुद्धा. चार जिल्ह्यांतल्या डॉक्टरांच्या स्क्रीनवरून ते त्याच क्षणी जाईल."

"पण गाव खोटं होतं, औषध खरं आहे!"

"त्याला ते वेगळं करता येत नाही, मॅडम. जो गावाबद्दल खोटं बोलला तो औषधाबद्दल खरं बोलला कशावरून? तुम्ही तरी काय म्हटलं असतं? प्रॅक्टिकलच्या वहीत एक आकडा ढापलेला सापडला की अख्खी वही फाडायचात तुम्ही."

फाडायच्या खऱ्या.

"ऐका माझं," अस्लम घाईनं म्हणाला, "वाचलेल्या पेशंटांचे अहवाल येतायत. चार दिवसांत ते स्वतंत्र पुरावा म्हणून नोंदले जातील. मग उपचार आपल्या लेखावर टेकलेला राहणार नाही. त्यानंतर खुशाल खरं सांगा. चार दिवस फक्त नाही म्हणा."

"आणि आंबेखोल?"

"तिथल्या डॉक्टरला मी फोन करतोय. लागत नाही. रेंज नसते तिथं."

"तू कक्षातून काहीतरी कर की."

"कक्षात आम्ही फक्त सह्या करतो, मॅडम." तो हसला, पण ते हसू नव्हतं.

हेमलताबाईंनी पडद्याकडे पाहिलं. आयुष्यभर त्यांनी मुलांना शिकवलं होतं, की डोळ्यांनी दिसेल तेवढंच लिहा. त्यांनी 'नाही' लिहिलं. खाली एक ओळ आली, 'आंबेखोल येथील गुहा रिकामी आहे याची आपण संपादक म्हणून पुन्हा खात्री देता का?' त्यांनी 'होय' लिहिलं. पडदा मिटला आणि त्या गाडीची किल्ली घेऊन बाहेर पडल्या. अन्वयला सांगता येत नसेल तर माणसाला सांगता येईल. आंबेखोलचं सलाईन त्या स्वतःच्या हातानं बंद करणार होत्या.

आंबेखोलला जायचं तर केतुर्ड्यावरूनच जावं लागे. फाट्यावर बांबू आडवे लावले होते. अंगभर पांढरे पोशाख घातलेली माणसं घराघरांत शिरत होती. एक म्हातारी दुधाच्या किटल्या पुढ्यात घेऊन बांबूपाशी बसली होती. दुधावर माश्या घोंगावत होत्या.

"कुठं जाता बाई?"

"आंबेखोलला."

"जावा जावा. तिथं लोक फणफणलेत तापानं, तिकडं कुत्रं फिरकंना. आन् आमच्यात एक शिंक न्हाई, तर गाव कोंडलंया." तिनं किटलीवरची माशी हाकलली. "कोण कोल्लापुरातली बाई हाय म्हणं, तिनं पुस्तकात लिवलंय आमच्या डोंगरात रोग हाय म्हणून. एकदा गावाय पायजे भवानी. ह्या सगळ्या दुधानं न्हाऊ घालीन तिला."

पोलीस हसला. हेमलताबाईंनी काच वर केली. त्यांना म्हातारीच्या डोळ्याला डोळा भिडवता आला नाही.

आंबेखोलचं उपकेंद्र डोंगराच्या पायथ्याला होतं. दोन खोल्या, समोर पत्र्याची शेड. व्हरांड्यात लोक घोंगड्या पांघरून पडले होते. आत डॉ. प्रतीक वाघमोडे नावाचा तिशीच्या आतला डॉक्टर एका खाटेपाशी उभा होता. खाटेवर ज्ञानू फोंडे, गुहेतलं खत खणून विकणारा. त्याची आई हौसाबाई उशाशी बसून त्याला भाकरीचा तुकडा भरवत होती.

"ताप उतरला बघा ह्याचा," हौसाबाई नवख्या बाईला पाहून आनंदानं म्हणाली. "आज भाकरी मागितली लेकरानं!"

ज्ञानू दोन घासांत दमला. त्याचा श्वास वरवर चालला होता. खाटेवर टांगलेलं सलाईन थेंब थेंब नव्हे, धार लागून उतरत होतं.

"डॉक्टर, ते बंद करा," हेमलताबाई म्हणाल्या.

"आपण कोण?"

त्यांनी नाव सांगितलं, काम सांगितलं, तापाबद्दल सांगितलं. डॉक्टर ऐकून घेत होता. त्यानं ज्ञानूच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला आणि ऐकता ऐकता त्याच्या कपाळावर आठी पडली. मग त्यानं टेबलावरचा सरकारी टॅब उचलला. उपग्रहावरून चालणारा तो एकच पडदा त्या गावात जिवंत होता.

"मॅडम, लेख इथं दिसतोय. उपचारही दिसतोय. पण तो केतुर्ड्यासाठी." तो वाचत राहिला. वाचता वाचता त्याची मान सावकाश वर आली. "'आंबेखोल येथील गुहा रिकामी असल्याची खात्री संपादक डॉ. हेमलता चौगुले यांनी आज सकाळी पुन्हा दिली आहे.' ह्या तुम्हीच ना?"

"मीच."

"मग?"

"मी खोटं बोलले."

"सकाळी खोटं बोललात, की आत्ता बोलताय?"

पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईच्या शब्दाला त्या खोलीत काडीची किंमत उरली नव्हती, आणि ती त्यांनी स्वतःच घालवली होती.

"उद्या ह्याचं काही झालं तर माझी नोकरी जाईल, खटला होईल," डॉक्टर चाचरत म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. घाबरलेला होता. "मला काहीतरी पुरावा द्या."

"गुहा बघा. वर आहे. वटवाघळांनी भरलेली आहे."

"पाकोळ्या व्हय?" हौसाबाई मध्येच म्हणाली. "त्या बघायला वर कशाला जाताय? दिवस बुडला की आपसुक भाईर पडत्यात. रोज बघतोय की आमी."

"मला कधी दिसल्या नाहीत," डॉक्टर म्हणाला.

"तुमी एरवी चारच्या यष्टीनं तालुक्याला पळताय. कशा दिसतील?"

व्हरांड्यातलं कुणीतरी तापातही खुदकन हसलं.

सूर्य डोंगराआड जातच होता. तिघं अंगणात आले; टॅब डॉक्टरच्या हातातच होता. वर कातळात एक काळी फट दिसत होती. आधी काहीच झालं नाही. मग फटीतून धुरासारखं काहीतरी हललं. एक पट्टा बाहेर पडला, वळला, गावावरून वाहू लागला. पंखांची सळसळ खाली अंगणापर्यंत आली. तो पट्टा संपेचना. आभाळ काळवंडलं, आणि उघड्या आडावरून, गोठ्यांवरून, घोंगडी पांघरलेल्या माणसांवरून तो पुढे जात राहिला.

डॉक्टरनं वर पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग तो आत धावला. हेमलताबाई त्याच्या मागे पोहोचल्या तेव्हा त्यानं नळीवरची चकती फिरवून सलाईन बंद केलं होतं आणि तो प्राणवायूचा सिलिंडर खाटेपाशी ओढत होता.

"बसवा त्याला, आडवा नको," तो म्हणाला. "हौसाबाई, पाठीला उशी द्या. बाकीच्यांचंही बंद करायला हवं."

पुढचा काही वेळ तो एकेका खाटेशी जात होता आणि हेमलताबाई सिलिंडरच्या किल्ल्या शोधत होत्या. ज्ञानूच्या ओठांवरचा निळेपणा हळूहळू उतरला. हौसाबाईनं त्याचं डोकं छातीशी धरलं होतं. हेमलताबाईंना सकाळपासून पहिल्यांदा पुरता श्वास घेता आला.

"बरं झालं तुम्ही आलात," डॉक्टर कपाळ पुसत म्हणाला. "आता माझीही काळजी मिटली. बाहेर उभा होतो तेव्हाच व्हिडिओ घेतला आणि अन्वयला पाठवला. नियमच आहे, अधिकाऱ्यानं स्वतः पाहिलेलं लगेच खुलं करायचं."

हेमलताबाईंनी हातातली किल्ली खाली ठेवली.

"कधी पाठवलात?"

"मघाशीच. का?"

टॅब टेबलावर होता. नकाशावर केतुर्डे विझलं होतं आणि आंबेखोल लाल झालं होतं. अचूक, अगदी गुहेच्या तोंडापर्यंत. डॉक्टरनं उपचाराच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथं एकच ओळ होती.

'या तापावरील उपचारासाठी विश्वासार्ह पुरावा उपलब्ध नाही. रक्तदाब कमी असल्यास नेहमीप्रमाणे सलाईन द्यावे.'

"हे काय?" डॉक्टर म्हणाला. "आत्ता तर लेख होता इथं."

हेमलताबाईंनी 'जीवनोंद' शोधून पाहिलं. बेडूक, ऑर्किड, कंदीलपुष्पं, नेर्लेकर सरांनी चष्म्यावर भिंग धरून तपासलेले अंक, काहीच सापडलं नाही. जणू ते कधी छापलंच गेलं नव्हतं. एकच व्हिडिओ उरला होता, एका प्रामाणिक माणसानं काढलेला, त्यांचं सकाळचं उत्तर खोटं ठरवणारा.

"चार जिल्हे," त्या पुटपुटल्या. "आत्ता, ह्या क्षणाला, सगळीकडे."

डॉक्टरला समजायला फार वेळ लागला नाही. त्याचा चेहरा उतरला. "मी... मला माहीत नव्हतं."

"तुम्ही बरोबरच केलंत." तेवढं एक वाक्य तरी खरं होतं. "हा पडदा फोन लावू देतो?"

"अडीअडचणीसाठी देतो."

"त्या जिल्ह्यांतल्या किती डॉक्टरांचे नंबर आहेत तुमच्याकडे?"

"माझ्या बॅचचे आहेत काही. आरोग्य केंद्रांचे असतील."

"लावा. एकेक करून लावा."

पहिली घंटा बराच वेळ वाजली. व्हरांड्यातले आजारी लोक माना वर करून आत पाहत होते. पलीकडून एका बाईचा थकलेला आवाज आला. मागे कुणीतरी जोरजोरात खोकत होतं.

"मी हेमलता चौगुले बोलतेय, कोल्हापूरची. ताप उतरलेल्या कुणाला सलाईन लावलंय का तुमच्याकडे?"

"हो, आत्ताच लावलं. स्क्रीनवर तसंच आलंय. का?"

"ते बंद करा. आधी बंद करा, मग मी सगळं सांगते."

पलीकडचा खोकला तेवढा चालू होता.

"बाई," तो आवाज म्हणाला, "हे छापलंय कुठं?"